मामाच्या हातातला दोर

आमच्या घरी पाहुणा आला की सतरंजी अंथरण्याआधी नळी सरकवावी लागे. पुढच्या खोलीची अर्धी जागा त्या काळ्या रबरी नळीच्या वेटोळ्याने अडवलेली असायची. उरलेल्या अर्ध्यात ज्वारीची कोठी, नानांचा रेडिओ, पोत्याखाली झाकलेला कॉम्प्रेसर आणि आम्ही चौघे. घराला कायम रबराचा आणि जळक्या तेलाचा वास यायचा. शाळेतल्या मैत्रिणी माझी वेणी हुंगून मला पंक्चरवाली म्हणत. मला राग यायचा, पण त्या खोटे बोलत नव्हत्या, कारण तो कॉम्प्रेसर होताच मुळी पंक्चरच्या दुकानातला. नानांनी तो धुळ्याहून जुना आणला होता, त्याला दोरी ओढून सुरू होणारे छोटे इंजिन जोडून घेतले होते, आणि ट्रकच्या चाकात भरायची हवा ते स्वतःच्या छातीत भरून घेत.

नाना म्हणजे माझे वडील. सगळे गाव त्यांना नाना म्हणे, म्हणून आम्हीही नानाच म्हणत असू. धंदा पाणबुड्याचा. आमचे भडगाव गिरणेच्या काठावर असले तरी गिरणा वर्षातले कितीतरी महिने नुसती वाळू दाखवते, तेव्हा पाणबुड्याला इथे काय काम, असे कोणालाही वाटेल. पण विहिरी होत्या. कापसाच्या, केळीच्या, लिंबांच्या मळ्यांतल्या खोल विहिरी. मोटार सुटून तळाला गेली, पाइपाच्या तोंडचा फूटवॉल गाळात रुतला, पाइप निखळला, की माणूस सायकल दामटत आमच्या दाराशी यायचा. कधीकधी वेगळ्या कामासाठीही माणूस यायचा. तो दारातच बसून राहायचा, बोलायचा नाही, दिलेले पाणी प्यायचा नाही. मग माय काही न विचारता एक जुनी धुतलेली चादर नानांच्या पिशवीत घालायची. विहिरीत मोटार नाही, माणूस आहे, हे तिला कळलेले असायचे.

ही विद्या नानांनी काठेवाडच्या किनाऱ्यावर कमावली. माझ्या जन्माआधी एका दुष्काळी वर्षी ते जळगावहून सुरतेच्या गाडीत बसले आणि फिरत फिरत तिथल्या एका आखातावर पोचले. आखातात एक मोठे जहाज बुडालेले होते आणि त्याचे तांबे-पितळ कापून वर काढण्याचे काम चालले होते. चार वर्षे नाना त्या जहाजात उतरले. जेवणे झाली की आम्ही भावंडे त्यांना जहाजाचे विचारायचो आणि ते प्रत्येक वेळी तेच सांगायचे. जहाज तळावर उभेच्या उभे बसले होते. जिने जागच्या जागी होते. स्वयंपाकघरातले कप आकड्यांना टांगलेले तसेच होते, आणि दारांतून मासे ये-जा करत होते. जहाजापलीकडे पोवळ्यांचे खडक होते. ऊन पाण्यातून तिथवर पोचायचे आणि खडक जांभळे, पिवळे, तांबडे दिसायचे, कुठे कोबीच्या गड्ड्यासारखे, कुठे हरणाच्या शिंगांसारखे. "पानीना खाले दुसरा मुलूख शे, पोरी," नाना म्हणायचे, आणि हे सांगताना त्यांचा आवाज एरवीपेक्षा मऊ व्हायचा. त्या खडकाचा मुठीएवढा एक तुकडा त्यांनी आणला होता. आमच्याकडे तो पांढराफटक होता, बारीक भोकाभोकांचा. वर आणला की मरतो, रंग पाण्यातच राहतो, असे नाना म्हणत. मायला ती वस्तू काय आहे हे शेवटपर्यंत नीट कळले नाही, म्हणून तिने ती देवांच्या फळीवर ठेवली आणि रोज हळदकुंकू लावू लागली. चूक होण्यापेक्षा ते बरे, असा तिचा हिशेब.

तिथूनच नानांनी एक नियम आणला. खाली उतरणाऱ्याच्या कमरेला दोर असतो, आणि तो दोर वर बायकोच्या भावाने धरायचा, दुसऱ्या कोणी नाही. सख्ख्या भावाच्या मनात वाटणीचे काहीतरी डाचत असते, दोस्ताचे लक्ष बिडीकडे जाते, पोटचे पोर घाबरते. साला मात्र आपल्या बहिणीचे कुंकू हातात धरून बसलेला असतो, तो डोळ्याचे पाते लवू देत नाही. त्या जहाजावरच्या सगळ्या जोड्या अशाच होत्या म्हणे. तुम्ही आधी मला पसंत केले की माझ्या भावाला, असे विचारून माय त्यांना चिडवायची, आणि नाना खरोखर विचारात पडल्यासारखे करायचे.

तिचा भाऊ म्हणजे धुडकूमामा. तिच्यापेक्षा दोन वर्षांनी धाकटा, नदीपलीकडच्या गावात थोडी शेती करणारा, एक जुनी सायकल बाळगणारा आणि फार कमी बोलणारा माणूस. विहिरीच्या काठावर तो मांडी घालून बसे, दोराचा एक वेढा उजव्या मनगटाला घेई आणि डोळे मिटे. दोर मनगटाने ऐकायचा असतो, असे तो म्हणे. खालून एक हिसका आला तर ढील द्यायची. दोन आले तर सगळे ठीक. तीन आले तर ओढून घ्यायचे. एवढीच त्यांची भाषा, पण त्या भाषेत त्या दोघांचे कधी भांडण झाले नाही. वर आल्यावर मात्र दोघे बारीकसारीक गोष्टींवरून कुरकुरत असायचे.

नाना उतरायच्या दिवशी सकाळी नुसती दोन केळी खात. कांदा-लसूण खाल्ला की नळीत त्याचाच वास फिरत राहतो, अशी त्यांची तक्रार. कॉम्प्रेसर जिथून हवा ओढतो त्या तोंडावर माय आपल्या जुन्या लुगड्याचा धुतलेला तुकडा घट्ट बांधून द्यायची, म्हणजे धूळ आत जायची नाही. कमरेला वजन म्हणून नाना पट्ट्यात तराजूची जुनी मापे ओवत. ते निघून गेले की घरात चूल पेटत नसे. तवा चुलीशेजारी उपडा घातलेला असे. मग दुपारी कधीतरी गल्लीच्या तोंडाशी मामाच्या सायकलची घंटी दोनदा वाजे, दोरावरच्या दोन हिसक्यांसारखीच, आणि माय तवा उलटा करून सुलटा ठेवी. तोवर मी आणि धाकटा वसंता भुकेने कळवळलेलो असायचो. कळण्याची भाकरी, फौजदारी डाळ, हिरव्या मिरचीचा ठेचा आणि वर कच्च्या तेलाची धार. नाना आणि मामा समोरासमोर बसून जेवत. आज इतक्या वर्षांनी मला कोणी सुख कशाला म्हणतात विचारले तर मी ती दोनदा वाजलेली घंटी सांगेन.

गेल्या वर्षी माझा मुलगा बायकोला घेऊन अंदमानला गेला होता. तिथे त्यांनी पाठीवर नळकांडी बांधून समुद्रात बुडी मारली आणि त्याचा व्हिडिओ मला पाठवला. निळे पाणी, रंगीत मासे, पोवळ्यांचे खडक. नाना सांगायचे तसेच होते सगळे, अगदी कोबीचे गड्डेसुद्धा. सून हात हलवत हसत होती. मी तो व्हिडिओ तीनदा पाहिला, आणि तिन्ही वेळा मी तिच्याकडे पाहतच नव्हते. तिच्या खांद्याशी एक माणूस होता, तिचा पट्टा धरून. त्याचा हात सुटतो का, एवढेच मी पाहत होते. मुलाला मी लिहिले, छान आहे.

मी बारावीत होते तेव्हा पाचोऱ्याच्या एका घरातून मला मागणी आली. मुलगा जिनिंगमध्ये कारकून, दिसायला नीटनेटका. पाहुणे सकाळी आले, पसंती झाली, आणि त्यांच्यातले एक वयस्कर गृहस्थ म्हणाले की शुभ काम आजच उरकू, नारळ देऊन टाका. आमच्याकडे मुलीचा नारळ मामाच्या हातून जातो. मामा त्या दिवशी चाळीसगावला बैल बघायला गेला होता. संध्याकाळपर्यंत थांबा, असे माय दोनदा म्हणाली. पाहुण्यांची चारची एसटी होती. शेवटी नानांनी नारळ स्वतःच दिला. मला त्यात काही गैर वाटले नाही, उलट बरेच वाटले. मुलगा मला आवडला होता, आणि मामा असता तर त्याने शंभर गोष्टी विचारल्या असत्या.

संध्याकाळी मामा आला. मायने त्याच्या हातावर पेढा ठेवला. त्याने तो न खाता फळीवर ठेवला, उभ्यानेच पाणी प्यायला आणि गेला. त्यानंतर तीन आठवडे तो आमच्याकडे फिरकला नाही. नानांनी विहिरीची दोन कामे पुढे ढकलली. मी जाऊन येतो त्याच्याकडे, असे ते रोज जेवताना म्हणत आणि जात नसत. ते त्या घरचे जावई होते. जावयाने सासरी जाऊन साल्यापुढे नमायचे, हे त्यांच्या पायांना जमेना. आणि पोरीच्या मामाने न बोलावता परत यायचे, हे त्याला जमेना. दोघेही चांगली माणसे होती. मला तेव्हा दोघांचाही कंटाळा आला होता आणि मी त्यांना मनातल्या मनात लहान मुले म्हणत होते.

अशात एका सकाळी साक्रीकडून सरकारी जीप आली. साक्रीच्या पुढे डोंगरांत एक धरण आहे. त्याचे नाव मी लिहीत नाही. जी बाई तिथे गेली तिची मुले आज मोठी झाली असतील, त्यांनी हे वाचावे असे मला वाटत नाही. धरणापलीकडच्या पाड्यांवरची माणसे आठवडे बाजाराला नावेने ये-जा करत. लाकडी नाव, उन्हासाठी वर चार खांबांवर पत्र्याचे छत. बाजारातून परतताना पोती जास्त झाली, नाव कलली आणि बसली. सगळे पोहून बाहेर आले. छताखाली बसलेली एक बाई आली नाही. पाड्यावरच्या पोहणाऱ्यांनी बुड्या मारून नाव शोधली होती, पण एका दमात छताखाली शिरून बाहेर येणे त्यांना जमत नव्हते. धुळ्यात कोणीतरी नानांचे नाव सांगितले होते.

मायने शेजारच्या रहीमचाचांना त्यांच्या लुनावरून मामाकडे पाठवले. कॉम्प्रेसरची दुरुस्ती तेच करत, त्यामुळे आमच्या घरातले त्यांना सगळे माहीत होते. ते अर्ध्या तासाने एकटेच परत आले, गाडी स्टँडला लावली आणि खाली मान घालून मामाचे शब्द जसेच्या तसे सांगितले: "नारय देतांना मी कोठे व्हतू? आते दोरले मी कसाले जोयजे?" नारळाला जो चालला नाही तो दोराला तरी कशाला हवा, हे नानांनी ऐकून घेतले. मग म्हणाले, ठीक आहे. ज्या माणसाची बायको पाण्याखाली आहे त्याला मी मामाचा रुसवा निघेपर्यंत थांब म्हणून सांगू शकत नाही, हे काही ते बोलले नाहीत, पण त्यांच्या चेहऱ्यावर ते होते.

वसंताला गोवर निघाला होता, म्हणून मायला घर सोडता येईना. दोर घरच्याच माणसाच्या हातात हवा, यावर नाना अडून बसले. पाड्यावर दणकट माणसे होती, जीपचा ड्रायव्हर होता, हवालदार होता. नानांनी माझ्याकडे पाहिले. इंजिन सुरू करायला मला येत होते, विहिरींवर मी कित्येकदा गेले होते, तिन्ही खुणा मला पाठ होत्या. पोटचे पोर घाबरते, हे त्यांचेच वाक्य त्या सकाळी त्यांना आठवले नाही की आठवूनही त्यांनी बाजूला ठेवले, हे मला कधी कळणार नाही. मायने लुगड्याचा तुकडा बांधून दिला. पिशवीत चादर घातली.

दुपार टळता टळता आम्ही तिथे पोचलो. त्या बाईचा नवरा पाण्याकडे तोंड करून काठावर बसला होता. आम्ही आल्यावर तो उभा राहिला, नानांनी त्याच्या खांद्याला हात लावला, तो पुन्हा बसला. आम्हाला एका मोठ्या नावेतून मध्यावर नेले. नाना उतरले. मी मामासारखाच मनगटाला वेढा घेतला आणि डोळे मिटायचा प्रयत्न केला, पण मिटवेनात. पाणी चहाच्या रंगाचे होते. थोड्या थोड्या वेळाने दोन हिसके येत होते. वीसेक मिनिटांनी तीन आले, मी आणि पाड्यावरच्या एका माणसाने मिळून ओढले, आणि नाना वर आले. सगळे इतके व्यवस्थित झाले की मला स्वतःचा अभिमान वाटला. मामावाचून काही अडत नाही, असेही वाटले. हे लिहायला नको होते, पण वाटले होते.

नानांनी पाण्यातला चष्मा काढला आणि ते माझ्याकडे पाहून हसले. त्या जागी, त्या कामावर, ते हसले. "जहाज शे पोरी, ल्हानसं," ते म्हणाले. नाव तळावर उभीच बसली होती, त्या आखातातल्या जहाजासारखी. बाई छताखाली होती, तिच्या अंगावर पोती आली होती. त्यांनी बरीच पोती बाजूला केली होती, पण उजेड कमी झाला होता आणि इंजिन तापले होते. उद्या सकाळी तिला काढतो, असे त्यांनी तिच्या नवऱ्याला सांगितले.

दुसऱ्या दिवशी ऊन चांगले वर आल्यावर आम्ही पुन्हा मध्यावर गेलो. नावेत एक नावाडी आणि मी, मागच्या टोकाला इंजिन. पट्टा बांधताना नानांनी मला पुन्हा एकदा म्हणून दाखवले, जणू शाळेत पाठवत होते: "एक म्हंजे ढील. दोन म्हंजे बठ्ठं ठीक. तीन म्हंजे ओढ. ध्यानमा ठेव." मी हो म्हटले. त्यांनी नळीचे तोंड दातांत धरले आणि ते गेले.

दोन हिसके आले. बऱ्याच वेळाने पुन्हा दोन आले. मग काहीच आले नाही. काठावर तिचा नवरा उठून उभा राहिला होता, ते मला एवढ्या लांबूनही दिसत होते. इंजिनाने एक ठोका चुकवला आणि पुन्हा धरला. विहिरीवर ते नेहमीच तसे करी, पण त्या दिवशी मी दोर दोन्ही हातांनी धरला. आणि मग दोर हलला. एक हिसका. लांबलेला, सावकाश, पण एकच.

मला तो एकच होता हे कळले होते. गोंधळ झाला, दोन वाटले, तीन वाटले, असे मी कोणालाही सांगू शकले असते. पण मी मोजले होते. एक म्हणजे ढील, हेही मला माहीत होते. तरी मी ओढले. मला ते वर हवे होते. आणखी दोर सोडायचा म्हणजे ते आणखी लांब जाणार, आणि माझे हात ते करायला तयार नव्हते. दोर ताणला गेला, तेव्हा मी आणखी जोर लावला. नावाड्याला हाक मारली, त्यानेही धरला. दोर येईना.

खाली काय होत होते ते मागाहून कळले. नाना त्या बाईचा हात धरून छताखालून मागे मागे सरकत बाहेर येत होते. येताना त्यांचा दोर छताच्या एका खांबाला वळसा घालून गेला होता आणि नळीही त्याच वळशात आली होती. वळसा सोडवायला त्यांना ढील हवी होती. मी ओढले तशी नळी खांब आणि दोराच्या मध्ये चिरडली. मी जितके ओढले तितके मी त्यांना त्या खांबाला बांधत गेले.

कोणीतरी पाठीमागून येऊन माझ्या हातांवर हात ठेवले. मामा होता. पहाटेची पहिली एसटी धरून, धुळ्याला गाडी बदलून, साक्रीहून चालत तो आला होता. काठावरून त्याने आम्हाला ओढताना पाहिले आणि पाड्यावरच्या एकाची छोटी डोंगी घेऊन तो आमच्यापर्यंत आला होता. त्याने दोराला नुसते मनगट लावले आणि तत्क्षणी सगळी ढील सोडली. मग ओरडून पाड्यावरच्या चार पोहणाऱ्यांना बोलावले आणि खाली पाठवले. त्यांनी दोघांनाही वर आणले. नानांनी त्या बाईचे मनगट सोडलेले नव्हते, ते सोडवावे लागले.

इंजिन अजून चालू होते. त्याची हवा कोणाकडेच जात नव्हती. मी जाऊन ते बंद केले.

काठावर आल्यावर मामाने मला एका बाजूला नेले. त्याने विचारले, "कितला हिसका?" मी म्हटले, "एक." त्याने विचारले, "मंग तू काय करं?" मी म्हटले, "ओढं." तो रागावला नाही. नंतर त्याने तो ओला दोर उचलला, आपल्या उजव्या मनगटाला त्याचे दोन वेढे घेतले, दुसरे टोक पायाखाली दाबले आणि सालटे निघेपर्यंत हात वर ओढला.

"आयक," तो म्हणाला. "दोर मन्हा हातमा व्हता. तू मशीनजोडे व्हती. कोनलेबी सांगजो नको."

खोटे सांगणार नाही, असे मी म्हणाले. मग तो आणखी एकच वाक्य बोलला. "तुन्ही माय तुन्हा तोंडकडे दखी का मंग?"

पंचनाम्यात त्याने तेच सांगितले. माणसे पाण्याकडे पाहत होती, दोराकडे कोणी पाहिले नव्हते. नावाड्याला आमच्यातले कोण कधी आले याचे भान नव्हते, आणि मामाच्या मनगटावर रक्त होते.

जीप आमच्या गल्लीत शिरली तेव्हा माय दारातच उभी होती. तिला आधी मामा दिसला. त्याला पाहून तिचा चेहरा सैल झाला, ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिले. मामा सोबत आहे म्हणजे दोर त्याच्याच हातात असणार, म्हणजे सगळे ठीक असणार. मग तिने मागे पाहिले. तिने जी चादर दिली होती तीच नानांवर होती.

ती रडली नाही, निदान लगेच नाही. तिने मामाचा हात धरला, उलटा केला आणि मनगट पाहिले. "तुन्हा हातमा दोर व्हता ना रे?"

"व्हता."

"मंग आते मन्हा दारमा येऊ नको."

नळीचे वेटोळे खांद्यावर घेऊन मी तिथेच उभी होते. दोन पावलांवर. तोंड उघडायचे एवढेच काम होते. मी नळी घेऊन आत गेले आणि ती तिच्या नेहमीच्या जागी ठेवली.

पाचोऱ्याच्या लोकांनी शब्द पाळला. वर्ष सरायच्या आत लग्न झाले. आमच्याकडे मुलीला मांडवात मामा आणतो आणि अंतरपाटाशी तिच्यामागे उभा राहतो. माझ्यामागे मायच्या लांबच्या चुलतभावाला उभे केले. मामाच्या गावात मात्र लोक त्याच्या तोंडावर बोलत. नारळाचा राग त्याने दोरावर काढला, असे म्हणत. त्याच्या थोरलीचे लग्न त्यापायी एकदा मोडले. हे सगळे माझ्या कानावर येत होते. मी दरवर्षी ठरवायची की मायला सांगायचे. आधी माझे बाळंतपण आडवे आले, मग वसंताची नोकरी, मग त्याचे लग्न, मग मायचा रक्तदाब. कारणे मला कधी कमी पडली नाहीत.

भाऊबीजेला मामा यायचा. दारात नाही, गल्लीच्या तोंडापर्यंत. तिथे सायकल थांबवून घंटी दोनदा वाजवायचा आणि निघून जायचा. माहेरी असले तर मीही ती ऐकायची. मायचे हात त्या वेळी जे काही करत असतील ते थांबायचे, पिठात असले तर पिठात. मग पुन्हा सुरू व्हायचे. ती कधी बाहेर गेली नाही.

माय गेली तेव्हा घर बायकांनी भरले होते. नळी, कॉम्प्रेसर कधीच विकले गेले होते. देवांच्या फळीवर तो पोवळ्याचा तुकडा तेवढा होता, इतक्या वर्षांच्या हळदीने पिवळा झालेला. आमच्यात बाईच्या अंगावर शेवटचे लुगडे माहेरचे लागते. भावाने आणायचे. मायने वसंताच्या बायकोला बजावून ठेवले होते की ते त्याच्याकडून घेऊ नका. आणि मामा आला होता. गल्लीच्या तोंडाशी उभा होता, काखेत कागदात गुंडाळलेले लुगडे, पाठीत वाकलेला. सायकल आता चालवत नव्हता, नुसती हातात धरून आणली होती. कोणी त्याला या म्हणत नव्हते.

मी उठले, गल्लीच्या तोंडापर्यंत गेले आणि त्याच्या हातातून ते लुगडे घेतले. तो म्हणाला, "तिले नको व्हतं." मी त्याचा हात धरला आणि त्याला ओढतच दारापर्यंत आणले. उंबऱ्याशी तो थांबला, आत येईना. मी कागद फाडला आणि लुगडे मायच्या अंगावर घातले. वसंताची बायको म्हणाली की अक्का, मायनी नको सांगितले होते. तेव्हा मी मायच्या कानाशी वाकले नाही, तर सरळ मान वर करून, सगळ्यांना ऐकू जाईल असे बोलले. "दोर मन्हा हातमा व्हता, माय. मामाना हातमा नही. नानानी एक हिसका दिन्हा आनि मी ओढं."

इतकी वर्षे ज्या वाक्याला मी घाबरले ते एका दमात बोलून झाले होते. मी दाराकडे पाहिले. आता तरी तो आत येईल, असे मला वाटले.

मामाने दाराच्या चौकटीवर हात टेकला. त्या मनगटावरचा पांढरा वळ मला तिथूनही दिसत होता. तो माझ्याकडे न पाहता बायकांना म्हणाला, "पोरना जीव ठिकानवर नही शे. तिन्हं मनवर लेऊ नका. दोर मन्हाच हातमा व्हता."

एका म्हातारीने मला जवळ ओढले आणि माझ्या पाठीवरून हात फिरवू लागली. बाकीच्या बायका मान हलवत होत्या. त्यांनी त्याचेच खरे मानले.